चवदा मीटरांची मोहीम

क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर या तिघांस त्रिवार मुजरा करोन, कसबे बाभुळगाव, सुभा यवतमाळ, येथील वर्तमान लिहितो ते ऐसे जे : राजमान्य राजश्री देवराव, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकांचे एकतीस वर्षांचे ड्रायव्हर, उमर सहासष्ट, मिशा जंगी, नजर बरी, यांजवर सन दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात जो प्रसंग गुदरला आणि त्यातून जी फत्ते जाहली, तिची हकीकत कोणी पदरचे तिखटमीठ लावून सांगू नये, म्हणोन आम्हीच लावून सांगतो.

भीमजयंतीची निळी तोरणे अजून चौकात होती. खासा स्वारी घरच्या पांढऱ्या मोटारीत बसोन बाजारास निघाली, आणि चौकात शेजारच्या मथुराबाईंची शेळी आडवी आली, मग देवरावांनी ब्रेक दाबिला, परंतु बहुत उशिरा दाबिला, आणि बंपर शेळीच्या पोटास जाऊन टेकला. शेळी जागची हलली नाही, रवंथ करीत राहिली. मथुराबाईंनी मात्र तोंडाचा तोफखाना उघडिला, देवरावांच्या सात पिढ्या उद्धारिल्या, आणि ते वर्तमान स्वारीच्या आधी घरी पोचले. मग चिरंजीव अतुल, जे खत-बियाण्यांचे दुकान चालवितात आणि शहाणपण फुकट वाटतात, त्यांनी फर्मान काढिले की बाबांचे हातपाय आता जड जाहले, सबब किल्ली जप्त. इतःपर बाबांनी शेजारच्या सीटवर बसावे.

शेजारची सीट! ज्या पुरुषाने एकतीस वर्षे त्या जागी क्लीनर बसविला, त्यास क्लीनरच्या जागी बसा म्हणणे, याहून मोठी बेअदबी ती कोणती? देवराव तीन दिवस अंगणात बाजेवर पडोन राहिले, समोरचा चहा निवू दिला, आणि चौथे दिवशी कुटुंब कांताबाई यांजपाशी म्हणाले, "गाडी गेली तं मी कायले उरलो वं? मले भेव वाटून राह्यलं." ऐसे ते जन्मात कधी बोलले नव्हते. कांताबाई तडक सूनबाईंकडे फिर्याद घेऊन गेल्या.

सूनबाई दीपमाला शाळेत विज्ञान शिकवितात, आणि घरचा निवाडाही त्यांच्याच हाती असतो, हे अतुलखेरीज सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी किल्ली नवऱ्याच्या खिशातून काढून आपल्या पर्समध्ये बंदोबस्ताने ठेविली, आणि हुकूम केला की वय पाहोन नव्हे, परीक्षा पाहोन निकाल होईल. मग फूटपट्टी आणविली. ती त्यांनी वरून अवचित सोडावी आणि देवरावांनी दोन बोटांत धरावी, ऐसी शर्त. पहिले दिवशी पट्टी सरळ भुईवर. दुसरे दिवशी सत्तावीस सेंटीमीटर निसटून मग सापडली. तेव्हा कांताबाई कुमकेस आल्या, आणि पट्टी हाताशी नसली तर स्वयंपाक करिता करिता लाटणे सोडू लागल्या, आणि दोन वेळा ते देवरावांच्या अंगठ्यावर पडले, आणि पंधरवड्यात पट्टी पंधरा सेंटीमीटरांवर अडू लागली. मिशांस पीळ आला. किल्ली हुजुरात दाखल करावी म्हणोन देवरावांनी सूनबाईंस निरोप धाडिला.

तो दीपमालांनी फेटाळिला. त्यांचे म्हणणे ऐसे की पट्टी हात धरितो, गाडी पाय थांबवितो. आणि पन्नासाच्या वेगाने मोटार एका सेकंदात चवदा मीटर जाते, म्हणजे आपल्या ओट्यापासून मथुराबाईंच्या गोठ्यापर्यंत. तेव्हा पाय किती वेळाने उठतो ते कळल्याविना किल्ली मिळणार नाही.

मग मसलत होऊन जहीर मिस्त्री यांस मोहिमेत सामील करोन घेतले. जहीरांच्या गॅरेजामागे भंगारातल्या मोटारीचा पुढला अर्धा भाग पडोन होता, सीट, स्टिअरिंग, ब्रेक सर्व जागेवर, हॉर्न अद्याप जिवंत. समोर तांबडा बल्ब टांगिला. जहीरांनी न सांगता बटण दाबावे, बल्ब पेटावा, घड्याळ चालू व्हावे, आणि देवरावांच्या पायाने ब्रेक दाबताच ते थांबावे, ऐसी तजवीज केली. देवराव आरूढ जाहले. बल्ब पेटला, आणि हात विजेसारखा हलला, आणि पोंऽऽऽ असा नाद उठोन पिंपळावरची वटवाघळे उडाली, आणि मग सावकाश पाय उठला. दीड सेकंद! दहा वेळा बल्ब पेटविला, दहा वेळा पोंऽऽऽ, दहा वेळा दीड सेकंद.

"काका, तुमी तं ब्रेकच्या आधी हॉर्न मारून राह्यले!" जहीर म्हणाले.

"मंग? हॉर्न नाई मारला तं त्याले समजन कसं, का आपण येऊन राह्यलो?"

"त्याले हटवाचं नाई काका, आपल्याले थांबाचं हाय."

एकतीस वर्षांत हे देवरावांस कोणी सांगितले नव्हते. आणि सांगणार तरी कोण? या अवघ्या सुभ्याचा रिवाजच हा. वाटेत कोणी आला तर प्रथम हॉर्नाचा खलिता धाडावा, त्याने तो वाचून बाजूस व्हावे, न झाल्यास स्मरणपत्र धाडावे, आणि अगदीच निरुपाय जाहल्यास ब्रेक. शेळीस वाचता येत नाही, इतकाच तिचा गुन्हा. सिग्नल तांबडा, तरी हॉर्न. पुढे वरात अडली, तरी हॉर्न. दवाखान्याच्या दारात तर हटकून हॉर्न, न जाणो आतला रोगी गाढ झोपला असेल!

जहीरांनी पक्कड घेऊन भंगाराचे आणि पांढऱ्या मोटारीचे, दोन्ही हॉर्न तोडिले. मग रोज सकाळी कवाईत सुरू जाहली. बल्ब पेटे, हात स्टिअरिंगवर आपटे, आवाज नाही, मग पायास जाग येई. "मुकं झाल्यासारखं वाटते बाप्पा," म्हणोन देवराव कुरकुरत, जहीरांस शिव्या देत, आणि पुन्हा बसत. गर्दी दिसताच पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेकावर नुसता धरोन ठेवावा, हेही शिकले. आठ दिवसांत हात जागचा हलेना. तीन आठवड्यांत घड्याळ सत्तर शतांशांवर आले, म्हणजे सेकंद पुरा होण्याआधी ब्रेक दाबलेला.

अतुल म्हणाले, बल्बापुढे कोणीही शूर, रस्त्यावर दाखवा; मी मागोन मोटारसायकलवर येतो आणि पुराव्यास व्हिडिओ काढितो.

मग जूनच्या पहिल्या रविवारी स्वारी यवतमाळच्या रोखाने निघाली. देवराव चालकाचे जागी, दीपमाला शेजारी, कांताबाई आणि जहीर मागे, आणि पिछाडीस अतुल, डोईस हेल्मेट, एका हाती हँडल, एका हाती मोबाइल. वळणावर खड्ड्यातून म्हशीची वगार उसळी मारोन थेट रस्त्यावर आली. कांताबाईंनी डोळे मिटले. देवरावांचा हात जागचा हलला नाही. पाय पडला. मोटार थांबली ती वगारीपासून हातभर अंतर राखोन, आणि वगार त्यांजकडे पाहात शेपूट हलवीत उभी राहिली.

"थांबली," देवराव म्हणाले. डोळ्यांस पाणी आले होते, आणि ते त्यांनी लपविले नाही.

इतक्यात मागोन हॉर्न वाजला. लांब वाजला. मग दुसऱ्यांदा वाजला. आणि मग धाडकन आवाज होऊन मोटारसायकल डिकीत घुसली.

सर्व मंडळी धावली. अतुल रस्त्याच्या कडेस बसले होते, दोन्ही गुडघे सोलले होते, बाकी सुखरूप. त्यांनी तक्रार मांडिली की मी एवढा हॉर्न मारला, बाबा पुढे काहून नाई गेले? यावर जहीर पाठ फिरवून हसले, कांताबाईंनी लेकास जवळ घेऊन आधी पाणी पाजिले आणि मग टाळक्यात एक चापट दिली. दीपमालांनी मोटारीची किल्ली सासऱ्यांच्या हाती कायम बहाल केली, मोटारसायकलची आपल्या पर्समध्ये टाकिली, आणि तिथेच हुकूम सोडिला की अतुल यांनी उद्यापासून बल्बासमोर बसावे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कामास आले : डिकी एक, हेडलाइट एक, मोबाइलची काच एक. वगार सुखरूप. सोमवारी सकाळी परीक्षा होऊन निकाल लागला तो ऐसा : बाप, सत्तर शतांश, लेक, एक सेकंद नव्वद शतांश. तो जहीरांनी गॅरेजाच्या दारावर खडूने लिहिला आहे, आणि अतुल येता जाता पुसतात, आणि देवराव रोज सकाळी तितकाच वळणदार पुन्हा लिहितात.