भाच्यासाठी मंद दिवा

"बावीस वर्षं मी नऊ-नऊ मजली इमारतींच्या लिफ्ट वरखाली करतोय," तुरसिनबेकनं बायकोला सुनावलं, "आणि मला एक दिवा कमीजास्त करता येणार नाही? शनिवारी बघच तू! आपली माशांची टाकी अशी दिसेल, अशी दिसेल, की कुणी तिच्याकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही!"

रौशानचा कणकेतला हात थांबला. घर झकास दिसावं म्हणून बढाया मारणारे नवरे तिनं पुष्कळ पाहिले होते. घर भिकार दिसावं म्हणून छाती फुगवणारा नवरा अख्ख्या अल्माटीत एकच होता, आणि तो नेमका तिच्या वाट्याला आला होता.

पण तुरसिनबेकचं तरी काय चुकलं? शनिवारी भाचा जेवायला येणार होता! बहिणीच्या मुलानं आजोळी तीन गोष्टी मागाव्यात आणि मामानं त्या हसतमुखानं द्याव्यात, ही बापजाद्यांपासूनची रीत. नाही म्हणायची सोयच नाही. आता एखाद्या शेंबड्या पोरानं येऊन कोकरू मागितलं तर द्यायला कौतुक वाटतं. पण येरबोल म्हणजे चाळीस वर्षांचा, शंभर किलोचा, ट्रकचे टायर विकणारा बाप्या! पहिल्या मागणीत त्यानं मामाचा शिकारी कुत्रा नेला. दुसरीत आजोबांचं चांदीनं मढवलेलं खोगीर. तिसरी मागणी सहा वर्षं राखून ठेवली होती, आणि मागच्या खेपेला टाकीसमोर उभा राहून तो "हंऽऽ" असं म्हणाला होता. त्या 'हंऽऽ'नं तुरसिनबेकची झोप उडाली होती.

टाकीत त्याचा जीव होता. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण चार वर्षं मीठ कालवून, उष्णता मोजून त्यानं हॉलच्या कोपऱ्यात समुद्र तयार केला होता. आणलं तेव्हा नखाएवढं असलेलं प्रवाळ आता तळहाताएवढं झालं होतं. सकाळी उठल्यावर तो आधी त्याची विचारपूस करायचा, मग बायकोची.

"मग चादर टाका ना त्या दिवशी," रौशान म्हणाली.

"लपवलं की तो मागतोच! कुत्रा न्हाणीघरात कोंडला होता, आठवतंय? उघड्यावरच ठेवायचं. पण असं मचूळ, असं मरगळलेलं दिसलं पाहिजे, की त्यालाच किळस आली पाहिजे!"

टाकीवरचा जुना दिवा मंद होत नव्हता. म्हणून नवा करायचा ठरला. आठवडाभर हॉलमध्ये डागकामाचा धूर कोंडला. छप्पन्न एलईडी बसवायचे होते. चाळीस पांढरे, सोळा निळे. पांढऱ्यांना पंख्यासारखा रेग्युलेटर. निळे बिचारे असून नसल्यासारखे, म्हणून ते थेट तारेवर. दिवे तापणार, ती उष्णता ओढून घ्यायला मोठा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हवा होता.

"माझ्या मांती उकडायच्या भांड्याचं झाकण कुठंय?" बुधवारी खिमा भरलेल्या पाऱ्या मोदकासारख्या वळता वळता रौशाननं विचारलं.

"ते आता विज्ञानाच्या कामाला लागलंय."

"आणि मांती मी काय तुमच्या टोपीखाली उकडू?"

शनिवारी दुपारी शेवटची तार जोडली आणि दारावरची घंटा वाजली. तुरसिनबेकनं घाईघाईत रेग्युलेटर शून्यावर आणला, बोर्डाचं बटण दाबलं... आणि हॉलमध्ये सूर्य उगवला!

घाईत रेग्युलेटरच्या दोन टोकांच्या तारांची अदलाबदल झाली होती. शून्य म्हणजे पूर्ण, आणि पूर्ण म्हणजे शून्य. आपल्याला हे कळतंय, त्याला कुठलं कळायला? त्यानं पुन्हा पाहिलं. रेग्युलेटर शून्यावरच होता! शून्याच्या खाली माणसानं जायचं कुठं? आणि पेटलेल्या घरात आच वाढवून बघायचं कुणाला सुचतं? मासे दगडामागे पळाले. प्रवाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरंफटक दिसायला लागलं.

"बंद करा!" रौशान ओरडली.

"आता बंद केलं तर तो विचारेल ना, का बंद केलं म्हणून!"

येरबोल आत आला आणि कपाळावर हात धरून उभा राहिला. पाहुण्याची मानाची जागा म्हणजे जुना सोफा, आणि तो नेमका टाकीसमोर. तिथून उठवावं तर अपमान, बसवावं तर छळ. त्याला बसवलं.

"मामी, हे घर आहे की वाळवण?" येरबोल डोळे मिटून ताटातलं मांस चाचपत म्हणाला. लोण्याचं पाणी झालं होतं. घोड्याच्या मांसाचे काप कडेनं वाळून वर वळले होते. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या गलिना पेत्रोव्नांचा फोन आला.

"तुमच्याकडे आग लागलीय का?"

"नाही हो, पाहुणे आलेत!" रौशाननं फोन आपटला.

तुरसिनबेक आधी घामाघूम झाला. मग भाच्याचं आंबट तोंड बघून त्याला हळूहळू धीर आला. मंद काय आणि प्रखर काय, किळस आल्याशी कारण!

चहा आला. येरबोलनं घसा खाकरला. "मामा, माझी एक मागणी राहिलीय."

तुरसिनबेकनं बशी खाली ठेवली.

"हा सोफा द्या."

रौशानच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं ती त्या मोडक्या सोफ्याला घराबाहेर काढायला सांगत होती. "ने रे बाळा, आत्ताच ने! दोऱ्या आहेत माझ्याकडे!"

सुटला! तुरसिनबेक सुटला होता! त्यानं फक्त "बरं" म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

"सोफा?" तो म्हणाला. "माझ्याकडे अख्खा समुद्र आहे, आणि तुला सोफा?"

"अहो, चहा घ्या," रौशाननं त्याला चिमटा काढला.

"समुद्र कसला मामा! वेल्डिंगचं दुकान आहे ते. तो दगड तर उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतोय."

"बटाटा!" तुरसिनबेक ताडकन उठला. "चार वर्षं! चार वर्षं लेकरासारखं वाढवलंय त्याला!"

"अहो, बसा!"

"बटाटा म्हणतो! थांब, आणखी उजेडात दाखवतो, मग बघ!" आणि रागारागानं त्यानं रेग्युलेटर शून्यापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत गर्रकन फिरवला.

पांढरा उजेड मावळला. उरले ते सोळा निळे. रौशाननं उन्हासाठी पडदे ओढलेलेच होते, त्यामुळे हॉलभर संध्याकाळ झाली. निळ्या पाण्यात प्रवाळ आतून पेटलं, हिरवं, शेंदरी, आणि त्याची बोटं सावकाश डोलायला लागली. मासे दगडामागून एकेक करून बाहेर आले. खुद्द तुरसिनबेकनंही ते असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला.

"आता बोल," तो म्हणाला. "आता म्हण बटाटा!"

येरबोल पुढे वाकला. मग चहाची वाटी खाली ठेवून हळूच म्हणाला, "हंऽऽ."

"सोफा न्यायचाय ना तुला?" रौशान घाईनं म्हणाली. "दोऱ्या आणते!"

"नको मामी. सोफा राहू दे."

टाकी रविवारी गेली. दिव्यासकट, म्हणजे मांतीच्या झाकणासकट. सोफा तिथंच आहे. तुरसिनबेक रोज संध्याकाळी त्याच्यावर बसतो आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघतो. शेजारी रौशान बसते, मांडीवर दोऱ्या घेऊन.