चौदापैकी चौदा

सुरक्षितता आधी कागदावर यावी लागते. रस्त्यावर ती मागाहून, सवडीने येते. हा क्रम उलटा केला तर काय होतं, हे आमच्या कोश-तरेक गावाला ठाऊक नाही, कारण आमच्याकडे तो कधी उलटा झालेला नाही.

गेल्या वर्षी गावात नोंदलेल्या गाड्या सहाशे बारा होत्या. वार्षिक तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाड्याही सहाशे बाराच. (यातल्या नऊ गाड्या चालत नाहीत. त्या दोरीने ओढून आणल्या होत्या. तपासणीपत्रात ‘गाडी चालते का’ असा रकाना नाही.) एवढा निकाल आमच्या शाळेचासुद्धा लागत नाही, आणि तिथे मुलं निदान पुस्तक लपवून आणण्याचे कष्ट तरी घेतात.

या तपासणी केंद्रात मी दिवेमापक आहे. केंद्राकडे गाडीच्या दिव्यांचा झोत मोजायचं एक यंत्र होतं आणि ते चालवणारा कोणी नव्हता, म्हणून बिश्केकहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन परतलेल्या मला नेमण्यात आलं. यंत्र बंद आहे. पण आता ते बंद असल्याचं शास्त्रशुद्ध सांगणारा माणूस केंद्राकडे आहे, ही प्रगतीच म्हणायची.

तपासणीपत्रावर एकूण चौदा बाबी आहेत, आणि चौदाच्या चौदा जुळल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा सक्त नियम आहे. त्या अशा: हेडलाइट, पार्किंगचे दिवे, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबरपाटीवरचा दिवा, वायपर, हॉर्न (आमच्याकडे किमान तीन चाली वाजवणारा), बॅटरी, फ्यूज, सीटबेल्ट, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक नळकांडं. प्रत्येक बाबीपुढे चौकोन, चौकोनात खूण. शेवटी दोन सह्या: एक तपासणाऱ्याची, दुसरी पडताळणी अधिकाऱ्याची. पडताळणी अधिकाऱ्याला गाडी बघावी लागत नाही. त्याने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लक्ष देऊन वाचायचं आणि खटकण्यासारखं काही नसेल तर सही करायची, एवढंच त्याचं काम.

आमचे पडताळणी अधिकारी मे महिन्यात मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात जातात आणि ऑक्टोबरात खाली येतात. जाण्यापूर्वी ते सहाशे पन्नास कोऱ्या पत्रांवर लक्षपूर्वक सह्या करून ठेवतात. यंदा केंद्राच्या शेगडीला काही कागद लागले, आणि सही केलेली पत्रं सप्टेंबरच्या मध्यावरच संपली. पहिली अडचण आली ती जोलचू-बाइकेच्या गाडीची, आणि ही हकिगत त्याच गाडीची आहे.

जोलचू-बाइके (वयाने मोठ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो, थोरल्या बहिणीला एजे) आमच्या गावाहून नारिन शहराला माणसं नेतो-आणतो. मधे घाट आहे. त्या बुधवारी तो माझ्या थोरल्या बहिणीला, बेगाइम एजेला, नारिनच्या प्रसूतिगृहात सोडणार होता. तिचे दिवस भरत आले होते, आणि गेल्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या वेळी आठ दिवस आधीच दाखल व्हायचं. तेव्हा मंगळवारी बाइकेची गाडी तपासायला आली, ती मी इतर गाड्यांपेक्षा जास्त बारकाईने तपासली. म्हणजे गाडीपर्यंत चालत गेलो.

गाडी जपानहून आलेली, त्यामुळे स्टीअरिंग उजवीकडे. आम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूने जातो, जपानी डावीकडून. त्यामुळे अशा गाडीचे हेडलाइट मुळातच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. पत्रात ‘प्रकाश दुरून दिसतो का’ एवढंच विचारलेलं आहे. दुरून तर दिसतोच. खूण केली.

फ्यूजच्या पेटीत एका फ्यूजऐवजी खिळा होता.

“बाइके, हा खिळा?”

“फ्यूज सारखा उडायचा रे. सीटखालचे निळे दिवे लावले ना, तेव्हापासून. आता वर्ष झालं, एकदा उडेल तर शपथ.”

“फ्यूज उडण्यासाठीच असतो, बाइके.”

“मग तो काय कामाचा?” बाइके म्हणाला. “तुम्ही शिकलेली माणसं. मोडणारी वस्तू चांगली आणि टिकणारी वाईट?”

पत्रात रकाना होता: ‘फ्यूज जागेवर घट्ट आहे का’. घट्ट होता. हातोडीने बसवला होता.

राहता राहिलं सुरक्षा साहित्य. ते आमच्याकडे कालिचा आपाकडे असतं. आपा तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आता ती केंद्राच्या फाटकाशी जुन्या बाबागाडीत सामसे, म्हणजे भट्टीत भाजलेले समोसे, ठेवून विकते. सामशांच्या खाली एक त्रिकोण, एक पेटी आणि एक नळकांडं असतं. दोन सामसे घेतले की ते तुमच्या गाडीत येतं, तपासणी झाली की मागच्या दाराने परत सामशांखाली जातं. नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात मी नळकांड्यांचे क्रमांक टिपत असे. सगळ्या गाड्यांत क्रमांक ४१७ निघाला. मी हे वरच्या कचेरीला कळवलं. उत्तरात आमचं अभिनंदन होतं: इतर गावांत तीन-तीन प्रकारची नळकांडी आढळतात, कोश-तरेकने मात्र अनुकरणीय एकसारखेपणा साधला आहे.

नळकांड्यावरचा काटा शून्यावर होता, हे मी मंगळवारी आपाला पुन्हा एकदा दाखवलं.

“शून्य वाईट नाही रे, बाळा,” आपा म्हणाली. “शून्य म्हणजे आत कसला ताण नाही. आमच्या मास्तर लोकांचा असाच असता तर बरं झालं असतं. बटाट्याचा देऊ की मांसाचा?”

चौदापैकी चौदा. मी सही केली. दुसऱ्या सहीची जागा मोकळी राहिली, म्हणून पत्रावर ‘सात दिवसांपुरते’ असा शिक्का मारला आणि बाइकेला सोडलं.

बुधवारी सकाळी निघालो. मी मागे, माझ्या शेजारी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, किमीझचा, वीस लिटरचा कॅन. तो बाइकेच्या विहीणबाईंसाठी होता. एजे पुढे डाव्या सीटवर. (उजव्या स्टीअरिंगवाल्याला पुढच्या गाडीपलीकडचं दिसत नाही. ते डावीकडे बसणाऱ्याने बघून सांगायचं. ही जबाबदारी तिकिटातच धरलेली असते.)

एजेने पट्टा ओढला. बाइकेने गाडी बंद केली.

“काय झालं, बाइके?”

“काही नाही. उतरायचं असेल तर आत्ताच सांग, पोरी. मग घाटात नको.”

“मी पट्टा लावत्येय नुसता.”

“एकवीस वर्षं गाडी चालवतोय मी. माझी सासू बसते इथे. तिनं कधी पट्टा लावला नाही, आणि तिला मी मुळीच आवडत नाही.”

“तुमच्यासाठी नाही हो, बाइके. समोरून येणाऱ्यांसाठी.”

“समोरून येणारे सगळे माझे ओळखीचे आहेत,” बाइके म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं.

शेवटी पट्टा कुठे खोवायचा हा प्रश्नच उरला नाही, कारण त्या खाचेत आधीपासून एक चपटी जीभ बसवलेली होती, गाडीने पट्ट्यासाठी टुंइ-टुंइ करू नये म्हणून. तिच्यावर प्रार्थना करणारे दोन हात कोरले होते. मग तडजोड झाली. एजेने पट्टा पोटावरून घेऊन हातात धरला. पोलीस दिसले तर सुरक्षा, नाही दिसले तर मोकळीक.

घाटाच्या चढावर मेंढ्या आडव्या आल्या. बाइकेने करकचून ब्रेक दाबला. मागून येणारा कोळशाचा ट्रक आमच्यापासून दीड हातावर थांबला, आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

“पिऊन चालवतोस का रे?” बाइकेने आधीच सुरू केलं.

“मी? तू थांबणार हे मला काय स्वप्नात कळणार होतं?”

“मेंढ्या दिसत नाहीत?”

“तुझं ढुंगण दिसत होतं, त्याच्यापलीकडे काय दिसणार?” ट्रकवाला म्हणाला, आणि मेंढ्या सरल्यावर आम्हाला वळसा घालून पुढे निघून गेला.

“घाई असते लोकांना,” बाइके म्हणाला. मी होकार दिला.

आमच्या भागातल्या गाड्यांची एक विद्युत सोय मात्र कधीच बिघडत नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. समोरून येणाऱ्याला हेडलाइट दोनदा मिचकावून दाखवणं. याचा अर्थ, पुढे पोलीस उभे आहेत. ज्याला हा इशारा मिळतो तो वेग कमी करतो, पट्टा खांद्यावर घेतो, दिवे लावतो, फोन मांडीखाली ठेवतो, आणि हात उंचावून आभार मानतो. पोलीस चौकीच्या दोन्ही बाजूंना चारशे मीटरपर्यंत गेल्या आठ वर्षांत एकही अपघात झालेला नाही. यावरून कोणीही निष्कर्ष काढेल की आमचे लोक उत्तम गाडी चालवू शकतात. त्यांना फक्त वेळेवर कळवावं लागतं.

घाटमाथा ओलांडून चार किलोमीटर झाले, आणि एजेच्या सीटखालून धूर यायला लागला. निळे दिवे एकदम फार सुंदर दिसले, मग विझले. खिळा मात्र जागेवर घट्ट होता.

बाइकेने गाडी कडेला घेतली. एजेला मी बाहेर काढलं. ती पोट धरून दगडावर बसली. चेहरा पांढरा पडला होता. सीटखालचं फोम पेटलं होतं. बाइके आत हात घालून काहीतरी चाचपडत होता.

“नळकांडं कुठंय?” एजेने विचारलं.

बाइके आणखी खोल चाचपडायला लागला.

“काल तूच तपासलीस ना गाडी?” ती माझ्याकडे बघून म्हणाली.

“काल होतं,” मी म्हणालो. हे खरं होतं.

मग बाइकेने ड्रायव्हरच्या बाजूने हात घालून हेडलाइट मिचकावायला सुरुवात केली, मदतीसाठी. वळणावरून पहिली गाडी आली. तिने वेग कमी केला. ड्रायव्हरने पट्टा खांद्यावर घेतला, हात उंचावून आभार मानले, आणि ती निघून गेली. दुसरी आली. तिनेही तसंच केलं. तिसऱ्या गाडीत पुढे बसवलेला मेंढा घाईघाईने मागे नेण्यात आला. मी रस्त्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होतो. एका बाईने खिडकी उघडून ‘जागा नाही, भाऊ’ असं अगदी हळहळून सांगितलं. धुराचंही कोणाला काही वाटलं नाही. नजर लागू नये म्हणून गाडीत अद्रश्मानच्या झुडपाची धुरी देण्याची आमच्याकडे पद्धतच आहे. लोकांना वाटलं असणार की बाइके जरा जास्तच श्रद्धाळू झाला.

सहा मिनिटांत अकरा गाड्या गेल्या. (मी मोजल्या. माझा स्वभाव आहे.) अकराच्या अकरा जणांनी रहदारीचे सगळे नियम पाळले.

बारावीची वाट एजेने बघितली नाही. ती दगडावरून उठली, मागचं दार उघडलं आणि कॅनचं झाकण फिरवलं.

“ते विहीणबाईंचं आहे,” बाइके म्हणाला.

“कॅन उचला, बाइके. मला वाकता येत नाही.”

“पोरी, तीन दिवस घुसळलंय ते—”

“उचला.”

बाइकेने उचलला. वीस लिटर किमीझ सीटवर गेलं. आग पहिल्या बारा लिटरांत विझली. उरलेलं एजेने समाधानासाठी ओतायला लावलं. मग मी पक्कड घेऊन खिळा काढला, आणि आम्ही उताराने नारिनला पोहोचलो. रस्ताभर गाडीला विहीणबाईंच्या स्वागताचा वास येत होता, आणि बाइके एकदाच बोलला: “पुढच्या वेळी पट्टा लाव हवं तर.”

शुक्रवारी सकाळी एजेला मुलगी झाली. तीन किलो दोनशे. दोघी ठीक आहेत.

गावी परतून मी घडल्या प्रकाराचा अहवाल लिहिला. कचेरीचं उत्तर आलं आहे. अग्निशामक नळकांड्याचा रकाना कायम राहील, कारण ते तपासणीच्या वेळी गाडीत होतं आणि आग तपासणीच्या वेळी लागलेली नव्हती. किमीझ ‘इष्ट पण ऐच्छिक’ म्हणून स्वीकारण्यात येईल. बाइकेने खिळा परत मागितला. मी दिला नाही. त्याच्याकडे दुसरा होता. आपाने नळकांडं पुसून ठेवलं आहे.

येत्या गुरुवारी सकाळी नऊला बाइके एजेला आणि बाळाला घरी आणणार आहे. त्याच गाडीतून, त्याच घाटातून. पुढच्या सीटवर नवीन कापड घातलं आहे. सात दिवसांच्या शिक्क्याची मुदत तोवर संपते, तेव्हा पत्रावर दुसरी सही हवी. पडताळणी अधिकारी अजून कुरणातच आहेत.

अहवाल लिहिताना मी छापील पत्रातल्या बाबी पहिल्यांदाच एकेक करून मोजल्या. त्यावर चौदा लिहिलं आहे. आहेत तेरा. ब्रेकचे दिवे छापायचे राहून गेले आहेत. पत्र छापल्यापासून सहा वर्षं ते कोणी तपासलेले नाहीत, कोणाला खटकलेलंही नाही. मलाही नाही, आणि मी तर सगळंच मोजतो. बाइकेच्या गाडीचे दोन्ही ब्रेकदिवे लागत नाहीत. ट्रकवाल्याला घाई नव्हती.

पत्रातली यादी मी वर जशीच्या तशी उतरवून दिली होती, चौदाच्या आकड्यासकट. तुम्ही ती वाचलीत. ट्रकवाल्याचं बोलणंही वाचलंत. पहिल्या ओळीपासून इथपर्यंत आलात आणि कुठेही अडला नाहीत. नियमाला याहून जास्त काही अपेक्षित नाही. दुसऱ्या सहीची जागा खाली मोकळी सोडली आहे.