नरसय्यामामांच्या तीन पट्ट्या

मंगळवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, डिझाइन करणारी शबाना, पुण्याहून आलेले इंजिनियर आणि आमचे ऑपरेटर नरसय्यामामा. विषय एकच: फ्लेक्स छापणाऱ्या मशीनचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं.

"मामा, तुमचं काय मत?" मी विचारलं.

मामांनी गळ्यातलं भिंग पुसलं आणि नेहमीचंच म्हणाले, "तुटलंय का अडकलंय, आधी ते सांगा की."

हा प्रश्न ते कशाबद्दलही विचारतात. वीज गेली तरी, मंगळवेढ्याची एसटी आली नाही तरी. माझ्या भाचीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं, तेव्हा मी दुकानात तोंड पाडून बसले होते. मामा म्हणाले, "तुटलं म्हणतंय कोण, अक्का? अडकलंय. मुलाची आत्या बगा." आत्याला मानाची साडी गेली आणि महिन्याभरात अक्षता पडल्या. माझी दाढ दुखायला लागली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. ती मात्र तुटलेलीच निघाली.

मामांचं निम्मं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची, अडकलेला सोडवायचा. न बघताच कात्री चालवणाऱ्याला कारखान्यात कुणी चहासुद्धा विचारत नसे, असं ते सांगतात. कारखाना बंद पडला आणि मामा आमच्याकडे आले, भिंगासकट. छपाई तपासताना ते रेघा तेलुगूत मोजतात, मोठ्याने. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका गिऱ्हाइकाला वाटलं, पूजा चालली आहे. त्याने चपला बाहेर काढल्या.

तर गेल्या आठवड्यात एका भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर नेमकी नाकावरून पांढरी रेघ गेली. न्यायला आलेला कार्यकर्ता ओरडला, "मॅडम, नाकच कापलं की आमच्या भाऊंचं!" दुसरा छापला, तर रेघ कपाळावर. म्हणून इंजिनियरांना बोलावलं.

त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला. "हेड झिजलंय. नवीनच टाका." आणि अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं: चुकीची हाताळणी.

मामांनी ते भिंगातून वाचलं. दुकान रोज तेच उघडतात. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "अक्का, हातच चुकीचा असंल तर हेडासंगं मला बी काढा."

'नवीन हेड मागवणे' हे माझ्या यादीत लिहून झालं होतं. मी पेन खाली ठेवलं. "दुपारपर्यंत थांबू."

मामांनी अर्ध्या अर्ध्या तासाने चाचणीच्या तीन पट्ट्या छापल्या. मध्ये सफाई नाही, काही नाही. या पट्टीवर ओळीने बारीक रेघा येतात. जिथून शाई येत नाही, तिथली रेघ गायब. तिन्ही पट्ट्या काचेच्या दारावर उन्हात चिकटवून मामा मोजायला लागले. "ओकटि, रेंडु, मूडु..." इंजिनियरांनी फोन घेतला. मामा थांबले. पुन्हा पहिल्यापासून. फोन पुन्हा वाजला, तेव्हा शबानानेच तो काढून घेतला.

"हितं बगा, साहेब. पहिल्या पट्टीत सातवी रेघ न्हाय. दुसरीत सातवी हाय, विसावी न्हाय. तिसरीत ह्या दोन्ही हाईत आन् चाळिसावी गायब. तुटलेला धागा जागा बदलतो व्हय?"

इंजिनियरांनी भिंग मागितलं. मामांनी ते गळ्यातून काढलं नाही, त्यामुळे दोघंही डोक्याला डोकं लावून वाकले.

"काका," इंजिनियर तिन्ही पट्ट्या बघून म्हणाले, "हेड ठीक आहे. शाईत हवा शिरतेय."

हेडाच्या वर शाईच्या दोन छोट्या गाळण्या असतात. दोन्हींना चीर गेली होती. नव्या त्यांच्या बॅगेतच निघाल्या. चौथ्या पट्टीवर एकही रेघ कमी नव्हती. लगेच बॅनर लावला. भाऊ कपाळापासून हनुवटीपर्यंत अखंड बाहेर आले आणि शबानाने शिट्टी मारली. "कमाल करे मामा तुम तो!"

इंजिनियरांनी रकान्यातले शब्द खोडून 'हाताळणी उत्तम' लिहिलं. मामा म्हणाले, "खाली सही करा की." सही झाली. मी जुडगा त्यांच्या हातात दिला आणि 'नवीन हेड मागवणे'वर काट मारली.

निघताना इंजिनियरांना राहवेना. "पण इतकं जुनं हेड टिकलं कसं?" त्यांनी मशीनमधली वापराची नोंद उघडली. "रविवारीही चालवता का?"

"रविवारी दुकान बंद असतं," मी म्हणाले.

पडद्यावर मात्र प्रत्येक रविवार होता. दुपारी चार वाजता एक सफाई, एक पट्टी.

मामा दारावरच्या पट्ट्या काढायला लागले. "हेड वाळतंय की, अक्का. दिवसभर कुणी न्हाय आलं की वाळतंय."

मी नोंद मागे मागे सरकवत गेले. पहिला रविवार मामी वारल्या त्या महिन्यातला होता.

"त्यासाठी कशाला येता, काका?" इंजिनियर चांगल्या मनाने म्हणाले. "एक सेटिंग चालू केलं की सुट्टीत मशीन आपोआप सफाई करतं. पाच मिनिटांचं काम आहे. मॅडम, लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. त्या दिवसाच्या यादीतली बाकीची सगळी कामं त्याच आठवड्यात उरकली. सेटिंगचं तेवढं अजून राहिलंय.