पातेल्याने केलेली तक्रार

माझ्या व्रतांची आमच्या घरात नेहमीच थट्टा होते आणि मी ती मनावर घेत नाही. पण सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी जे व्रत घेतलं, त्याची थट्टा करायची कुणाची छाती झाली नाही. (मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. व्रत सांगितलं की हलकं होतं, अशी आपली माझी श्रद्धा.)

व्रत असं, की सासूबाई स्वतःच्या पायांनी आमचा उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत मी कुणालाही, कशालाही नावं ठेवायची नाहीत. माणूस असो की वस्तू, त्यातलं चांगलं तेवढंच बोलायचं.

वाटलं त्यापेक्षा ते सोपं निघालं. ह्यांनी ऑफिसला जाताना ओला टॉवेल पलंगावर टाकला. मी म्हटलं, "किती ऐसपैस पहुडलाय!" हे दचकले, टॉवेल उचलून निमूटपणे दोरीवर टाकून आले. (इतक्या वर्षांच्या आरडाओरड्याने जे झालं नव्हतं, ते एका कौतुकाने झालं.) हॉस्पिटलातला चहा, करकरणारा पंखा, शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं घोरणं, सगळ्याला मी छान म्हणत गेले. आणि देवाची कृपा बघा, सासूबाई वॉकर धरून उभ्या राहू लागल्या.

मग डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. फक्त वाटेत झटका बसता कामा नये."

"अ‍ॅम्ब्युलन्स सांगू या," हे म्हणाले.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "आले ती सामानासारखी आडवी आले. जाताना माणसासारखी बसून जाणार. आपल्या गाडीतून."

आमची गाडी! मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली. ती मुलगी आता परगावी नोकरी करते, पण गाडी अजून रोज ह्यांना ऑफिसला नेते आणि आणते. खूप उपकार आहेत तिचे. पण एक गतिरोधक ओलांडला की पुढचा येईपर्यंत ती आधीच्याच आठवणीत झुलत असते. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता इतका उखडलाय, की तिथून जाताना मागे ठेवलेली पिशवी पुढे येऊन बसते.

तेव्हा आम्ही गॅरेज गाठलं. मेकॅनिकभाऊंनी गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी कितीतरी वेळ हो-हो करत मान डोलावत राहिली.

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले," ते म्हणाले. मग खाली वाकून बघत, "सांध्यांतले रबरी बुशही गेले. खडखड तीच."

"गेले काय म्हणता, भाऊ? दमलेत बिचारे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे आकाशाकडे पाहत होते.

"नवे कुठले घालायचे?" भाऊंनी विचारलं. "कडक मिळतात, जड सामान वाहणाऱ्या गाडीचे मिळतात, आणि कंपनीने घातलेले तसेच साधेही मिळतात."

"कडक!" हे म्हणाले. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत ह्यांनी मोबाइलवर ह्या विषयाचा अभ्यास केला होता. "वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते."

(हे वळणावर इतके हळू जातात, की मागच्या सायकलवाल्याला पाय टेकावा लागतो.)

"मागे कोण बसणार, साहेब?"

"आई."

"मग तुम्हाला विचारून काय उपयोग? वहिनी, तुम्ही मागे बसून बघा. ह्याच मॉडेलच्या आणखी गाड्या आल्यात माझ्याकडे. तिन्ही प्रकार बसलेत त्यांना. एकेकीतून तुमच्या गल्लीपर्यंत चक्कर मारू. कुठे काय खटकतं ते सांगा, तेच टाळू."

झालं! खटकतं ते सांगा! ह्या एवढ्या एका गोष्टीची मला बंदी होती.

पहिली गाडी एका व्यायामशाळेच्या मास्तरांची. कडक म्हणजे किती कडक! रस्त्यावरचा एकेक खडा माझ्या मणक्यांना आपली ओळख करून देत होता.

"कसं वाटलं?"

"रस्ता इतका जवळून कधी पाहिला नव्हता हो," मी म्हटलं.

"बघा! आवडलं तिला," हे म्हणाले.

दुसरी गाडी म्हणजे एक टॅक्सी. मागे बॅगांचा डोंगर असेल तर ती शहाण्यासारखी चालत असणार. पण आत मी एकटी. (माझं वजन कमी पडण्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.) उखडलेल्या रस्त्यावर मी सीटवरून उठले, आणि परत बसायला गेले तर सीट तिथे नव्हती.

"आणि ही?"

"उत्साह फार आहे हिच्यात."

तिसरी एका शिक्षिकाबाईंची, साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. ती खड्ड्यात हलकेच उतरली, बाहेर आली आणि गप्प राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना ह्याच्यातूनच आणायचं!

"ही पण छान आहे," मी म्हटलं. 'हीच सगळ्यात छान' म्हणावं, तर आधीच्या दोघींना नावं ठेवल्यासारखं झालं असतं. दुसरं बोलायला उरलं काय होतं? 'छान' हा शब्द मी तोवर वापरून वापरून पार झिजवला होता.

भाऊंनी हात पुसले. "वहिनींना तिन्ही चालतात. मग साहेब म्हणतात तेच करू. उद्या सकाळी कडक बसवून टाकतो."

घरी आले ती गप्पच. बोलावं तर व्रत मोडतं, आणि सासूबाईंचं पाऊल अजून उंबरठ्याच्या बाहेर. न बोलावं तर त्याच सासूबाईंचा नवा खुबा त्या कडक गाडीच्या हवाली. देवापुढे बसले. म्हटलं, "देवा, मी चूप राहते, पण तू कुणाला तरी बोलायला लाव." स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचं काठोकाठ भरलेलं पातेलं उचललं आणि जपून, पाणी न हिंदकळवता गॅसकडे निघाले. निम्म्या वाटेत थांबले.

पातेल्याने कुठे व्रत घेतलं होतं?

सकाळी गाडीत बसताना माझ्या हातात पातेलं बघून हे म्हणाले, "अगं, तहान लागली तर बाटली घ्यावी माणसाने."

"असू दे हो. छान पातेलं आहे."

गॅरेजात पोचल्यावर मी भाऊंना विनवलं, की बसवण्याआधी तिन्ही गाड्यांतून आणखी एकेक चक्कर माराच. मग पातेलं काठोकाठ भरून घेतलं आणि मांडीवर धरून मागे बसले. मास्तरांच्या गाडीने गॅरेजचं फाटक ओलांडायच्या आत पाणी माझ्या मांडीवर आलं. टॅक्सीने ते छताला लावलं, आणि उरलेलं पुढे बसलेल्या ह्यांच्या मानेवर. शिक्षिकाबाईंच्या गाडीत मी पातेलं पुन्हा भरून घेतलं. उखडलेला रस्ता आला आणि गेला. चार थेंब काठावरून ओघळले, बस्स.

मी उतरले तेव्हा कमरेखाली निथळत होते. भाऊंनी पातेल्यात वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, काही बोलायचंय का तुम्हाला?"

"छे! सगळंच छान आहे."

"समजलं."

"काय समजलं?" हे मान पुसत विचारते झाले.

"पातेलं म्हणतंय, साधेच बसवा."

देव त्यांचं भलं करो. साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्यांना वरून धरणारे माउंट, सगळे रबरी बुश त्यांनी बदलले. मग गाडीचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.

सासूबाईंना आणायच्या दिवशी मी मागे त्यांच्याशेजारी बसले. गल्लीच्या तोंडाशी आलो तशी त्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट आवळली गेली. माझेही डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "रस्ता दुरुस्त केला वाटतं?"

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला हसूही आवरेना आणि रडूही आवरेना.

दारात हे एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. सासूबाईंनी वॉकर पुढे टाकला, एक पाऊल उचललं, मग दुसरं. उंबरठा मागे पडला. मी मनोमन हात जोडले. देवाला, डॉक्टरांना, मेकॅनिकभाऊंना, त्या नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरना, आणि हो, त्या पातेल्यालासुद्धा.

आणि मग माझं तोंड सुटलं.

"अहो, चपला बाहेर काढा आधी! आणि आई, तो हॉस्पिटलातला चहा! भांडी विसळलेलं पाणी बरं त्यापेक्षा! आणि ते पंखे, आणि त्या शेजारच्या बाईंचं घोरणं! रोज डोकं उठायचं माझं!"

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडायलाच लागल्या.

"आई! खुबा दुखतोय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, "जिवात जीव आला माझ्या. तू त्या चहाला छान म्हणालीस ना, तेव्हाच मी हाय खाल्ली. म्हटलं, डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय, माझे दिवस भरलेत, त्याशिवाय ही एवढी गोड बोलायची नाही. माझ्या सोन्याच्या बांगड्या कुणाला द्यायच्या, तेसुद्धा ठरवून टाकलं मी."

"कुणाला हो?" मी सहजच विचारलं. (अगदी सहज.)

"माझ्या लेकीला. मागच्या आठवड्यात भेटायला आली तेव्हा देऊनही टाकल्या. तुला काय, न मिळाल्या तरी तू छानच म्हणाली असतीस."

हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. खांदे मात्र हलत होते.

तरीही सांगते, व्रताचं फळ मिळतं. आज सासूबाई घरभर फिरतात आणि मला पूर्वीसारख्या रागावतात, ह्याहून जास्त काय मागायचं? तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर तुम्हीही हे व्रत जरूर घ्या. फक्त एवढं ऐका माझं: सुरू करण्याआधी आजारी माणसाच्या कानात सांगून टाका, आणि नणंद भेटायला यायच्या आत सांगा.