संताला पत्ता सांगायचा राहिला

पेत्रोनिलाने सान अंतोनिओची लाकडी मूर्ती तांदळाच्या डब्यात उलटी खुपसली, तेव्हा तिच्या मनात फक्त सोराइदाचं लग्न होतं. (आमच्या डोंगरातली ही जुनी रीत. मुलीला नवरा मिळेपर्यंत संताने डोक्यावर उभं राहायचं.) सोराइदा म्हणजे पेत्रोनिलाच्या नवऱ्याच्या, विल्फ्रेदोच्या, शिवणकारखान्यातली चौतीस वर्षांची गुणी कारागीर. संताने तीन महिन्यांत नवरा मिळवून दिला. पावाची गाडी चालवणारा एफ्राइन, हसरा, देवभोळा. पेत्रोनिलाने संताला सुलटं केलं, पुसलं, मेणबत्ती लावली.

विल्फ्रेदोने मात्र बातमी ऐकून डोकं धरलं.

"अगं, मुलगा दोरादोचा! लग्नानंतर ती तिकडे समुद्राकाठी राहायला जाणार!"

"मग? समुद्र काही वाईट नसतो."

"आपल्याला वाईट आहे! दवाखान्याच्या गाऊनचं टेंडर सोमवारी भरायचंय. मागास भागातल्या लहान कारखान्याला सरकार पसंती देतं, पण शंभरातले निदान पस्तीस कामगार त्या भागात राहणारे हवेत. आपल्याकडे कामगार किती?"

"चार."

"म्हणजे दोघी हव्यात. सोराइदा आणि दोमिंगा. बाकीच्या दोघी खालच्या गावातून येतात. शनिवारी लग्न होऊन सोराइदा गेली की पसंती गेली, टेंडर गेलं, कारखान्याला टाळं! तू संताला पत्ता नाही सांगितलास?"

पेत्रोनिलाचा चेहरा पडला. नवरा हवा एवढंच ती बोलली होती. कुठला ते बोललीच नव्हती.

"आणि टेंडरला जोडायचा मागास भागाचा नकाशाही फायलीतून गायब आहे," विल्फ्रेदो पुढे म्हणाला. "तू पास्तेलेस त्यात गुंडाळलेस की काय?"

"अहो, पास्तेलेस केळीच्या पानात गुंडाळून उकडतात!"

(तरी तिने जाऊन एकदा फ्रीजमध्ये पाहिलंच.)

तिने लगेच नवस बोलला. मुलगी डोंगरातच राहिली, तर नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला अख्ख्या वाडीला जेवण. मग एफ्राइनला घरी बोलावलं. संताने आपलं काम केलं होतं. पुढचं काम पास्तेलेस करतील, अशी तिची श्रद्धा होती.

"घे, अजून एक. आमच्या डोंगरात हवा कशी थंड."

"काकू, मला सांगायचंय की..."

"आधी खा! कॉफी घरची आहे. डास नाहीत. शेजारी प्रेमळ."

"पण काकू..."

"भातही घे!"

सातव्या पास्तेलला एफ्राइनने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "काकू, पहिल्या पास्तेलपासून सांगायला बघतोय! दोरादोत आई, तीन भाऊ आणि मी, दोन खोल्यांत राहतो. मला इथेच राहायचंय, सोराइदाच्या घरात. पण तुम्ही तोंड रिकामं ठेवाल तेव्हा ना!"

पेत्रोनिलाने तिथेच गुडघे टेकून संताचे आभार मानले. विल्फ्रेदो उरलेले पास्तेलेस संपवायला बसला.

शनिवारी लग्न झालं. रविवारी विल्फ्रेदो नकाशाच्या नव्या प्रतीसाठी वणवण फिरला. सोमवारी ती जोडून टेंडर भरलं, आणि नाताळाआधी करार हातात आला. तीन राजांच्या सणाला वाडी जेवली, गिटार वाजली, म्हाताऱ्यांनीसुद्धा पाय हलवले.

तेवढ्यात दोमिंगा ओट्यापाशी आली. एकसष्ट वर्षांची विधवा, पण गाल मुलीसारखे लाल.

"बाई, माझंही ठरलंय."

पेत्रोनिलाच्या हातातला डाव भातात पडला. "कुठला गं? समुद्राकाठचा?"

"छे! आपल्याच वाडीतला सुतार. मीही तेव्हाच माझ्या घरी सान अंतोनिओला उलटं केलं होतं. पण मी काय तुमच्यासारखं मोघम मागते?" दोमिंगाने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्याला तांदळाचे चार दाणे चिकटले होते. "हा घ्या साहेबांचा नकाशा. मूर्तीखाली ठेवला होता."

पेत्रोनिलाने घडी उलगडली. मागास भागाच्या सरकारी रेघेच्या पार आत, सुताराच्या घराभोवती, लाल पेनाने एक ठसठशीत गोल काढलेला होता.