केसाएवढी स्प्रिंग

सुखदेवरावांकडे गेलं की ते आधी तुमचं डोकं हुंगत. रामराम नंतर. खोबरेलाचा जरा वास आला की दारातूनच हात जोडत, "आज नाई जमत, भाऊ. धुऊन या." आमच्या अकोल्यात तेव्हा बिनतेलाचं डोकं म्हणजे सुतकातलं डोकं. पण कॅमेरा दुरुस्त करून घ्यायचा तर त्यांच्याशिवाय इलाज नव्हता. आमचे हेडमास्तर शिकेकाईने न्हाऊन, केस पिंजारून त्यांच्या ओट्यावर बसलेले मी पाहिलेत.

आणि पोटासाठी हा माणूस काय करायचा? जिनिंगमध्ये आइलमन! दिवसभर हातात कुपी आणि सरकी काढणाऱ्या यंत्रांना तेल पाजणं. घरी आले की राखेने हात, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. मागेपुढे कोणी नाही. एकट्याचं डोकं फिरलं, असं आळीत सगळे म्हणत. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी आईला बार्शीटाकळीहून दवाखान्यासाठी माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता जे खायला मागेल ते द्या. मला एकदम सुचलं ते हे, की आईचा एकही फोटो नाही. माझ्याकडे अमरावतीहून जुना घेतलेला डबा कॅमेरा होता. खटका दाबला तर खट् व्हायचं, पण आतलं शटरचं पातं ढिम्म हलेना. मी शहाणपणा करून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मग तर पातं चिकटूनच बसलं.

सुखदेवरावांनी कॅमेरा हुंगला. आता आपली खैर नाही, असं वाटलं. पण त्यांनी हात जोडले नाहीत. तो डबा मांडीवर घेऊन खटक्यावरून अंगठा फिरवत राहिले.

मग त्यांनी पितळी परातीत धुतलेलं धोतर अंथरलं. स्प्रिंग उडाली तर परातीतच पडावी, म्हणून. दोन स्क्रू काढले, पुढचा पत्रा काढला. आत नखाएवढं पातं आणि केसाएवढी स्प्रिंग. जिनातला कापूस काडीला गुंडाळून, पेट्रोलात बुडवून ते पातं पुसत राहिले. "याले कोरडंच पायजे," एवढंच म्हणाले. जोडल्यावर मागून डोळा लावून शंभरदा खट् केलं. तोवर मला श्वास घ्यायची चोरी.

फोटोला ते स्वतः आले. मी घरातली तेलाची शिशी आधीच लपवली होती. अंगणात खुर्चीवर बसवलं तर आई अडून बसली. असं भुरकं डोकं घेऊन ती फोटो काढून घेणार नव्हती. मी सुखदेवरावांकडे पाहिलं.

"लावा, माय," ते म्हणाले. "चांगलं चापून लावा." आणि कॅमेरा छातीशी धरून पार कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

भांग पाडता पाडता आईने सहज विचारलं, "तुमच्या घरचीचा असंल न फोटो?"

"नाई जी." ते कॅमेऱ्याकडेच बघत होते. "बसली होती, अशीच तेल लावून, नवं लुगडं नेसून. त्याच पावसाळ्यात गेली. मंग रीळ धुतलं तं कोरं. आदल्या दिवशी शटरमंदी तेल म्याच घातलं होतं. मले वाटलं, मशीन हाय, सुखावंल."

आईचा फणीचा हात थांबला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग त्यांनी फोटो काढला, एक नव्हे, सबंध रीळ आईवरच संपवलं.

दिवाळीआधी आई गेली. तेराव्याला सुखदेवराव आले. सवयीने मी दारात मान खाली घातली, भादरलेलं डोकं पुढे केलं. त्यांनी हुंगलं नाही. त्यावर नुसता हात ठेवला आणि सरळ आईच्या फोटोपाशी गेले.

चापून बसवलेले केस फोटोत चमकत होते. ते भांगावर काचेवरूनच बोट फिरवत राहिले. बोटाचा डाग पडला, तसा तो धोतराच्या सोग्याने पुसला.

"आला," ते म्हणाले. "तिचाबी असाच आला असता."