चेटकिणीची नाहरकत

मुलांच्या वाहिनीसाठी एका जर्मन लोककथेवरून कार्टून लिहिण्याचे काम माझ्याकडे रीतसर सोपवण्यात आले. कथा फारशी कुणाला ठाऊक नव्हती आणि तिचा कर्ता अज्ञात होता, म्हणजे तक्रार घेऊन येणारे कुणी नव्हते. निवड समितीने याच दोन गुणांवर ती पसंत केली. वाचली मात्र कुणी नव्हती.

मी वाचली होती. जंगलात एक चेटकीण असते. ती मुलांचे आवाज चोरून बरण्यांत भरून ठेवते. एका कोळसेवाल्याच्या घरी सावत्र आई असते. ती मुलाला मुद्दाम तिकडे पाठवते आणि बाप मूग गिळून बसतो. मुलाचा आवाज जातो. मग त्याची आठ वर्षांची बहीण एकटी जंगलात शिरते, बरण्या फोडते आणि चेटकिणीच्या नाकावर टिच्चून भावाचा आवाज घरी आणते.

माझी मुलगीही आठच वर्षांची. तिला ही गोष्ट मी आधीच सांगून बसलो होतो. बरण्या फुटायच्या तिथे ती दर वेळी पलंगावर उभी राहून ओरडायची. "टीव्हीवर फुटताना आवाज मोठ्ठा ठेव हं, बाबा," एवढी एकच अट तिने घातली, आणि मी शब्द दिला.

आमच्याकडे चित्र हलू लागण्याआधी प्रत्येक पात्राचे रेखाचित्र संबंधितांकडे नाहरकतीसाठी जाते. मागे एका मालिकेत पोस्टमन विसराळू दाखवला, तर दोन दिवस आमच्या फाटकाबाहेर पोस्टमन बसून होते. तेव्हापासूनची ही पद्धत.

पहिली माशी ज्येष्ठ महिला संघात शिंकली. चेटकीण म्हातारीच का? तिला कुबड का? आम्ही तिचे वय बत्तीस केले आणि पाठ सरळ केली. एकट्या राहणाऱ्या बत्तीस वर्षांच्या स्त्रियांचेही मंडळ असते, हे मला त्यांचे पत्र आल्यावर कळले. शेवटी चेटकिणीची 'बरणीताई' झाली. ती आवाज चोरत नाही, सांभाळून ठेवते. सावत्र मातांनी हरकत घेतली म्हणून आई सख्खी केली, तेव्हा सख्ख्या मातांचे पत्र आले. आता आई मुलाला कुठेच पाठवत नाही, तो आपणहून फिरायला जातो. बापाने मूग गिळण्यास पालक सभेचा विरोध होता. अंधारे जंगल दाखवले तर सहली कमी होतील, असे वनखात्याने कळवले. जंगलात कायमची दुपार केली. बरणी उत्पादकांनी फक्त एकाच गोष्टीचा आग्रह धरला, की बरणी फुटताना दाखवू नये.

आठव्या आठवड्यात मी सगळ्या नाहरकती विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता यात चूक कुणाची आहे?"

"कुणाचीच उरली नाही, मॅडम."

"असं कसं चालेल? नियम चौदा. प्रत्येक भागाला बोध हवा. चूकच नसेल तर बोध काढायचा कशातून?"

खापर फोडायला एक तरी डोके हवे होते. बाईंचे बोट पात्रांच्या यादीवरून खाली सरकत गेले आणि शेवटच्या नावाशी थांबले.

"ही मुलगी. आठ वर्षांच्या मुलींची संघटना आहे?"

"नाही."

"लेटरहेड?"

"त्यांना अजून जोडाक्षरं जड जातात, मॅडम."

"मग इतके दिवस आपण काय करत होतो?"

"पण तिने केलंय काय?"

"न विचारता घराबाहेर पडली. दुसऱ्याच्या घरात शिरली. त्यांच्या वस्तूंना हात लावला. वर मोठ्यांशी चढ्या आवाजात बोलली. अहो, नुसता बोधच बोध आहे!"

"ती भावाचा आवाज सोडवायला गेली होती."

"कुणाच्या तावडीतून? बरणीताई चांगल्या आहेत. तुम्हीच लिहिलंय."

लिहिले होते खरे. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी सही केली.

भाग ठरल्या दिवशी दाखवण्यात आला. कोळसेवाल्याची मुलगी बरणीताईंसमोर हात जोडून उभी राहते, माफी मागते आणि स्वतःचाही आवाज त्यांच्याकडे सांभाळायला देते. आईवडील टाळ्या वाजवतात. भाऊही वाजवतो, त्याला दुसरे काही करता येत नाही.

माझ्या मुलीने पूर्ण भाग बसून पाहिला. पलंगावर चढली नाही. गोष्ट कशी वाटली म्हणून विचारले, तर पाहुण्यांना सांगतात तसे "छान" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी बूट घालत असताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, सॉरी."

"कशाबद्दल गं?"

"ते तू सांग ना. काहीतरी असेलच."

दुसरा बूट पायात चढवला. मी कामावर गेलो.

आठवड्याभरात तिथे पालकांची चार हजार पत्रे आली. घर शांत झाले, मूल उलट बोलत नाही, चहा गरम असताना पिता येतो, हा भाग रोज दाखवा. तक्रार एकही नव्हती. ती सगळी पत्रे वाचण्याचे काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे तुमचेही वाचले. मजकूर मनापासूनचा आहे. खाली तुमच्या मुलाने वेड्यावाकड्या अक्षरांत माफी मागितली आहे. कशाबद्दल, ते तेवढे लिहायचे राहून गेले आहे.